कोकणातल्या घरावर सोलर: पॅनेलपेक्षा बाकीच्या गोष्टी आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यात समुद्रापासून साधारण 400 मीटरवर स्लॅबचं घर, वर पावसासाठी घातलेली पत्र्याची शेड, दक्षिणेला माडांची वाडी. आई-वडील बारा महिने गावी, बाकीची मंडळी मे महिन्यात आणि गणपतीत. विक्रेत्याने 3 किलोवॅट सुचवलंय. गावात कोणी सांगतं पावसात सोलर बंद पडतं, कोणी सांगतं खाऱ्या हवेत पाच वर्षांत सडतं. विक्रेता म्हणतो बिल शून्य येईल आणि लाइट गेली तरी घर चालू राहील. यातलं खरं किती?

पहिल्या दोन गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, तिसरी (अगदी शून्य नाही, पण बिल किती उतरेल ते) तुमच्या वापरावर अवलंबून आहे आणि चौथी, साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेल्या, बॅटरी नसलेल्या सोलरबद्दल बोलत असाल तर, साफ चुकीची. पण कोकणात पॅनेल चालेल का हा प्रश्न आता राहिलेला नाही, ते चालतं. बघायचं ते दोन गोष्टींत: एक, तुमच्या घरचा महिन्यामहिन्याचा वापर आणि त्याच महिन्यातली निर्मिती यांचा मेळ किती बसतो, दोन, पॅनेलच्या खालचं लोखंड, नटबोल्ट, वायर आणि अर्थिंग कसलं आहे.

आधी पाऊस आणि ऊन. पॅनेल उजेडावर चालतं, उष्णतेवर नाही. ढगातून येणाऱ्या पसरट उजेडातही वीज तयार होते, फक्त कमी. काळ्याकुट्ट दिवशी किलोवॅटमागे एखादंच युनिट निघतं, मार्चमधल्या स्वच्छ दिवशी साडेचार ते पाच. जुलैचा अख्खा महिना धरला तर मार्चच्या निम्म्याच्या आसपास उत्पादन येतं. उलट मे महिन्यात लोकांना वाटतं एवढं रणरणतं ऊन, म्हणजे सगळ्यात जास्त वीज. तसं होत नाही. पॅनेलवर छापलेले वॅट हे सेलचं तापमान 25 अंश असतानाचे असतात. दुपारी सेल 60 अंशांवर जातो आणि दर अंशामागे साधारण 0.30 ते 0.35 टक्के क्षमता कमी होते, म्हणजे दहा-बारा टक्के तिथेच गेले. त्यात मे महिन्यातली धूसर, दमट हवा. म्हणूनच पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळायला किमान 15 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, हवा धुतलेली आणि काचा स्वच्छ असतात, तेव्हा उत्पादन छान येतं.

आता हिशेब, कारण 3 किलोवॅट घ्यायचं की 2 हे यावरच ठरतं. तुम्ही बारा बिलांची युनिटं दिलीत हे उत्तम केलंत. एप्रिलपासून ती अशी: 220, 420, 190, 160, 190, 260, 180, 150, 140, 140, 150, 190. एकूण 2,390. तुमच्याकडे 2 किलोवॅटचा अंदाज मी असा धरतो: एप्रिल 270, मे 260, जून 160, जुलै 130, ऑगस्ट 150, सप्टेंबर 190, ऑक्टोबर 250, नोव्हेंबर 240, डिसेंबर 235, जानेवारी 245, फेब्रुवारी 250, मार्च 285. एकूण 2,665. एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर आकडे खालीवर होतील, पण वळण असंच राहील.

वर्षाची बेरीज बघितली तर निर्मिती वापरापेक्षा जास्त. मग बिल शून्य? नाही. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे लाइनला दिलेली युनिटं घेतलेल्यातून वजा करून बिल येतं त्या पद्धतीत, शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात खरी, पण हे खातं आर्थिक वर्षाचं असतं. मार्चअखेर जे उरेल ते महावितरण ठरलेल्या दराने विकत घेतं आणि एप्रिलला पाटी कोरी. हा दर तुम्ही युनिटला जे मोजता त्यापेक्षा बराच कमी असतो. आता तुमचं घर बघा. ऑक्टोबर ते मार्च घरात दोनच माणसं, ऊन भरपूर, खात्यात 555 युनिटं साठतात. ती 31 मार्चला स्वस्तात जातात. लगेच मे महिन्यात घर भरतं, एसी लागतो, 420 युनिटं जळतात, आणि तेव्हा खात्यात असतात फक्त एप्रिलमधली 50. मेमध्ये 110, जूनमध्ये 30, जुलैत 30, ऑगस्टात 40, सप्टेंबरात 70, अशी 280 युनिटं विकत घ्यावीच लागतात. मुंबई-पुण्याकडे वर्षभर सारखा वापर असलेल्या घराला हा फटका फार जाणवत नाही. चाकरमान्यांच्या घराला जाणवतो.

विक्रेता म्हणेल, मग 3 घ्या, ही 280 पण सुटतील. सुटतील हे खरं. पण तिसरा किलोवॅट वर्षाला सुमारे 1,330 युनिटं देईल, त्यातली 280 तुमच्या कामी येतील आणि उरलेली हजारभर मार्चअखेर स्वस्तात विकली जातील. शिवाय ही 280 युनिटं महिन्यामहिन्याला विखुरलेली आहेत, म्हणजे जवळपास सगळी 0 ते 100 युनिटं या वीजदराच्या सर्वांत स्वस्त टप्प्यात (स्लॅबमध्ये) बसतात. महाग टप्प्यातली युनिटं 2 किलोवॅटनेच वाचवलेली असतात. केंद्राच्या पीएम सूर्यघर या सबसिडी योजनेतही पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये मिळतात आणि तिसऱ्याला 18,000; 3 किलोवॅटच्या वर कितीही लावा, 78,000 च्या पुढे सबसिडी जात नाही. तुमच्या आजच्या वापराला 2 किलोवॅट पुरेसं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. येत्या वर्षा-दोन वर्षांत तुम्ही कायमचे गावी राहायला येणार असाल, इंडक्शनवर स्वयंपाक किंवा इलेक्ट्रिक स्कूटर ठरलेली असेल, तर गोष्ट वेगळी, मग 3 चा विचार करा.

आणि बिल अगदी शून्य कधीच दिसणार नाही. स्थिर आकार सोलर असो-नसो द्यावाच लागतो.

लाइट गेल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त निराशा इथे होते. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा) महावितरणचा पुरवठा बघून त्याच्याशी जुळवून वीज सोडतो. पुरवठा गेला की तो काही क्षणांत आपणहून बंद होतो. भर दुपारी, कडक उन्हात, छपरावर पॅनेल असूनही घर बंद. हा दोष नाही. तुमची वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल, म्हणून तशी सक्तीच आहे. जून 2020 मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा दापोली, मंडणगडपर्यंत कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तशा वेळी छपरावरचं ऑन-ग्रिड सोलर घराला एका दिव्यापुरतंही उपयोगी पडत नाही.

बॅकअप हवा असेल तर दोन वाटा. बऱ्याच घरांत इन्व्हर्टर-बॅटरी आधीपासून असते. तिची वायरिंग वेगळी ठेवा, ती दिवे-पंखे सांभाळेल. 150 एएचची एक ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर 1.8 युनिटं, पण ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, तेव्हा हाती साधारण 0.9 युनिट धरा. दोन कमी वॅटचे पंखे, चार एलईडी आणि राउटर यांची एक रात्र त्यात निघते. दुसरी वाट हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि लिथियम बॅटरीची. खर्च बराच वाढतो, पण वादळानंतर दिवसा पॅनेलवरून बॅटरी भरत राहते, हा खरा फायदा. मात्र त्यावर विहिरीचा पंप चालेल असं गृहीत धरू नका. 1 एचपीचा पंप चालताना एक किलोवॅटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढतो आणि छोटा हायब्रिड तिथेच ट्रिप होतो. लाइट नसताना पाणी चढवायचं असेल तर हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवतो: काही जण ऑन-ग्रिड सोलर घरच्या जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडून देतात, म्हणजे लाइट गेली तरी सोलर सुरू राहील. सोलरला वाटतं हाच पुरवठा आहे, तो त्यात वीज ढकलतो आणि घरचा इन्व्हर्टर जळतो, बॅटरीही जाऊ शकते. असं कोणी सुचवलं तर त्याला काम देऊ नका.

खारी हवा. पॅनेलची काच आणि सेल यांना खाऱ्या हवेने फारसं काही होत नाही. सडतं ते बाकीचं. पॅनेल घेताना मीठयुक्त हवेच्या चाचणीचं, आयईसी 61701, प्रमाणपत्र मागा आणि कंपनीच्या बसवण्याच्या पुस्तिकेत समुद्रापासून किती अंतराची अट आहे ते वाचा. बऱ्याच कंपन्यांची तशी अट असते, आणि ती मोडली तर वॉरंटी मागताना तेच पान तुमच्यासमोर येतं.

स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेलखालचा लोखंडी सांगाडा, हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) हवं, जस्ताचा थर 80 मायक्रॉनचा. बाजारात मिळणारे पातळ प्री-गॅल्व्हनाइज्ड पाइप दिसायला तेवढेच चकचकीत असतात, पण त्यांचा थर याच्या पावभरही नसतो. गंज कुठून सुरू होतो बघायचं असेल तर कोणत्याही दोन पावसाळे जुन्या स्ट्रक्चरजवळ जाऊन बघा: पाइपचं अंग राखाडी, आणि साइटवर पाडलेल्या भोकाभोवती व कापलेल्या टोकाला तांबूस ओघळ. गॅल्व्हनाइज करून आणलेला पाइप छपरावर कापला, भोकं पाडली, वेल्डिंग मारलं की तिथलं जस्त गेलं. म्हणून मापं घेऊन सगळं कापणं-भोकं आधी आणि गॅल्व्हनाइजिंग नंतर, हा क्रम हवा. साइटवर एखाद-दुसरं भोक पाडावंच लागलं तर त्यावर लगेच झिंक-रिच कोटिंगचे दोन हात. नुसता चंदेरी रंग म्हणजे झिंक नव्हे.

नटबोल्ट तुमच्या अंतरावर एसएस 316 या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. एसएस 304 ला समुद्राजवळ चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके येतात आणि पुढे खड्डे पडतात. 2 किलोवॅटला लागणाऱ्या नटबोल्टांत फरक काही शे ते हजारभर रुपयांचा असतो, त्यावर घासाघीस करू नका. ॲल्युमिनियमची फ्रेम, जस्ताचा पाइप आणि स्टीलचा बोल्ट खारट ओलाव्यात एकत्र आले की त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो, म्हणून मध्ये ईपीडीएम रबराचे वॉशर हवेत. अर्थिंगची उघडी तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर आवळलेली तर मुळीच चालवून घेऊ नका. वर्षभरात तिथे पांढरी भुकटी जमते, जोड सुटतो, आणि ते बाहेरून कोणाला कळतही नाही. कलई केलेली लग (तारेच्या टोकाला बसवायची कडी) आणि स्टीलचा वॉशर वापरायला सांगा.

तुमच्या शेडबद्दल. आहे त्याच शेडवर पॅनेल टाकून पैसे वाचवू, असं तुमच्या विक्रेत्याने म्हटलंय. शेडचे पाइप साधे, रेड ऑक्साइड मारलेले असतील तर मी नको म्हणेन. पॅनेलचं वजन हा मोठा प्रश्न नसतो, 545 वॅटचं पॅनेल साधारण 28 किलो असतं आणि तुम्हाला लागतील चार. प्रश्न वाऱ्याच्या उचलीचा असतो. वारा पॅनेलखाली शिरला की वर ओढतो, आणि पत्र्यात मारलेले स्क्रू त्या ओढीला टिकत नाहीत. पकड पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पाइपला) हवी, आणि पर्लिनची पकड खांबाला, खांबाची स्लॅबला. निदान ताशी 150 किलोमीटर वाऱ्याचा हिशेब केलेलं डिझाइन कागदावर मागा. शेड 10-12 वर्षांची झाली असेल तर स्वतंत्र स्ट्रक्चरच घ्या. त्याचे पाय स्लॅबला ड्रिल मारून बसवण्यापेक्षा खालच्या कॉलम-बीमच्या रेषेत काँक्रीटचे पेडेस्टल (ठोकळे) ओतून घ्या, आणि ओतायच्या आधी स्लॅब खरवडून बाँडिंग केमिकल लावायला सांगा. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे स्लॅबमधलं एक भोक नीट बुजलं नाही तर पुढची दहा वर्षं छत गळतं आणि दोष सोलरला जातो. तुमचं घर कौलारू असतं तर उत्तर वेगळं असतं: वाशांना हूक लावून रेल टाकता येतात, पण मंगलोरी कौलांवर चढलेला प्रत्येक माणूस दोन-चार कौलं फोडतो, हे धरूनच चालावं लागतं.

माडांचं काय? सावली म्हणजे तेवढ्या तुकड्याचं नुकसान, असं लोक समजतात. पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात आणि प्रत्येक पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे भाग) असतात. झावळीची सावली पॅनेलच्या एका भागावर पडली तर त्या पॅनेलचा तिसरा हिस्सा बाद होतो, आणि आडवी पडली तर सगळंच पॅनेल. तुमची वाडी दक्षिणेला आहे, त्यामुळे हिवाळा महत्त्वाचा. गुहागरच्या अक्षांशावर 21 डिसेंबरच्या सुमारास भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून 49 अंशांवरच असतो. पॅनेलच्या पातळीपेक्षा 10 मीटर उंच माडाची सावली तेव्हा उत्तरेला साडेआठ मीटर जाते, आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास 17 मीटरच्या पुढे. पावसाळ्यात येऊन पाहणी करणाऱ्याला ही सावली दिसतच नाही, कारण मे ते जुलैत सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता स्लॅबचे फोटो काढून ठेवा, तेच पाहणीच्या वेळी दाखवा.

माडाच्या अगदी खाली पॅनेल नकोच, सावली नसली तरी. काच गारांना टिकते म्हणतात, पण ती चाचणी 25 मिलिमीटरच्या, साडेसात ग्रॅम वजनाच्या गोळ्याची असते. नारळाचं वजन तुम्हाला माहीत आहे. वानरांचा त्रास असेल तर पॅनेलं पत्र्यापासून फार उंच ठेवू नका आणि वायर लोंबती सोडू नका. उड्या मारून ती काच क्वचितच फोडतात, पण लोंबणारी वायर हमखास ओढतात. प्लॅस्टिकचे टाय उन्हाने दोन-तीन वर्षांत तुटतात आणि कनेक्टर पत्र्यावर पडून पाण्यात राहतात. एमसी4 कनेक्टर (पॅनेलच्या वायरी एकमेकींना जोडणारा) दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचा असावा. वेगवेगळे बसतात, पण घट्ट बसत नाहीत, आणि पहिल्या पावसात इन्व्हर्टर इन्सुलेशनचा एरर दाखवून सकाळी उशिरापर्यंत सुरूच होत नाही.

इन्व्हर्टर पडवीत, पण समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर नको. गावाच्या टोकाला असाल तर आणखी एक अडचण येते: दुपारी सगळीकडे वापर कमी असताना व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो. आठवडाभर दुपारी व्होल्टेज मोजून ठेवा. ते 250 च्या वर जात असेल तर बसवण्याआधीच महावितरणकडे लेखी तक्रार द्या.

वीज कडाडायला लागली की घाबरून लोक मेन स्विच पाडतात. ठीक आहे, पण खरं संरक्षण अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत सोडणारं उपकरण) देतात. लायटनिंग अरेस्टर (आभाळातली वीज जमिनीत नेणारा), पॅनेलची डीसी बाजू आणि घरची एसी बाजू अशा तीन अर्थिंग स्वतंत्र हव्यात. कोकणात जांभा दगड आहे, उन्हाळ्यात तो पार सुकतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून मोजणी मे महिन्यात करा, 5 ओहमच्या आत यायला हवी. पावसात केलेली मोजणी छान दिसते, तिच्यावर जाऊ नका. सर्ज प्रोटेक्टरची छोटी खिडकी हिरव्याची लाल झाली की तो बदलायचा, हे घरात एकाला तरी माहीत हवं. आणि इन्व्हर्टर बंद असला तरी उजेड असेपर्यंत पॅनेलच्या वायरमध्ये वीज असते. चार पॅनेलची माळ म्हणजे जवळजवळ 200 व्होल्ट डीसी. वादळानंतर तुटलेल्या वायरला कोणी हात लावू नये.

धुण्याचं सोपं आहे. जून ते सप्टेंबर पाऊस धुतो, फक्त खालच्या कडेला शेवाळ धरलंय का बघा. नोव्हेंबरनंतर पंधरवड्यातून एकदा, सकाळी काच थंड असताना, मऊ ब्रश आणि गोड पाण्याने. उन्हाळ्यात विहीर मचूळ होत असेल तर ते पाणी वापरू नका, सुकल्यावर क्षारांचा पांढरा थर राहतो आणि तो पुढे निघत नाही.

25 वर्षांच्या गॅरंटीबद्दल विचारलंत. ती उत्पादनक्षमतेची असते, म्हणजे इतक्या वर्षांनी अमुक टक्के वॅट राहतील एवढीच. पॅनेलच्या बांधणीतल्या दोषांची वॉरंटी साधारण 10 ते 12 वर्षांची, इन्व्हर्टरची 5 ते 10, आणि स्ट्रक्चर गंजलं तर बहुतेक वेळा कोणाचीच नाही, जोपर्यंत तुम्ही ती करारात लिहून घेत नाही. सबसिडीसाठी पॅनेल डीसीआर, म्हणजे सेलसकट देशात बनलेलं लागतं. बिलावर तसा उल्लेख आणि सीरियल नंबर तपासा.

शेवटी कागद, कारण कोकणात काम बहुधा इथेच अडतं. मीटर कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर आधी नाव बदलून घ्यावं लागेल. अर्जदार, वीजबिल आणि सबसिडी जमा व्हायचं बँक खातं यांचं नाव जुळायला हवं. घर सामाईक असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि छप्पर वापरायला सहहिस्सेदारांची लेखी संमती घेऊन ठेवा, मुंबईतल्या काकांची सहीसुद्धा. या गणपतीला सगळे गावी एकत्र येतील तेव्हाच सह्या करून घ्या, पेडेस्टलचं काम दिवाळीनंतर कोरड्यात निघेल, आणि नेट मीटर एप्रिलच्या आत बसलं तर पुढच्या मे महिन्याच्या बिलातच फरक दिसेल. हे कागद पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नका.